एमआरआय सेंटरचा रिव्ह्यू: मशीनमध्ये अंगाला काय काय जाणवतं आणि यांनी ते कसं सांभाळलं

चार स्टार देतेय. मशीन आणि टेक्निशियनला पूर्ण मार्क, एक स्टार कापला तो काउंटरवर ऐकून घ्याव्या लागलेल्या एका वाक्यासाठी, ते खाली लिहिते. मान आणि कंबर दोन्हींचा एमआरआय होता, नंतर कॉन्ट्रास्टचं (इमेज अजून स्पष्ट यावी म्हणून देतात ते) इंजेक्शन, मशीन ३ टेस्लाचं. ३ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण ६० हजार पट, त्यामुळे आत अंगाला काही जाणवलं तर त्यात नवल काहीच नाही, पण हे आधी कोणी सांगतच नाही ना.

टेबल आत सरकायला लागल्यावर मला गरगरलं. टेबल सरळ जात होतं पण मला वाटलं ते एका बाजूला वळतंय. टेक्निशियनने आधीच सांगून ठेवलं होतं की असं होऊ शकतं, डोकं हलवू नका, मी टेबल हळू घेतो, आणि खरंच हळू घेतलं. यामागचं कारण सांगते. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारं पाणी असतं, त्यातून सतत बारीक विद्युतप्रवाह वाहत असतो आणि मोठ्या चुंबकात त्या पाण्याला ढकल बसते, मग मेंदूला वाटतं आपण फिरतोय. २०११ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी ७ टेस्लाच्या मशीनमध्ये हे दाखवलं, नुसतं पडून राहिलेल्या माणसांचे डोळे आपोआप सरकत होते, आणि ज्यांच्या कानातला तोलाचा भाग निकामी होता त्यांना तसं झालंच नाही. बाहेर काढताना मला परत गरगरलं, या वेळी उलट्या बाजूला, तेही याच कारणाने.

आवाजाबद्दल सगळेच लिहितात म्हणून थोडक्यात. ११० डेसिबलपर्यंत जाऊ शकतो, इथे इअरप्लग आणि वरून हेडफोन दोन्ही दिले आणि इअरप्लग नीट बसलेत का ते स्वतः बघितलं. हे फार कमी ठिकाणी करतात. तरी नंतर थोडा वेळ कानात बारीक शिट्टी वाजत होती, रात्रीपर्यंत गेली.

सगळ्यात विचित्र म्हणजे झटके. स्कॅनच्या एका टप्प्यात (त्याला सिक्वेन्स म्हणतात) ठकठक सुरू झाली की कमरेच्या खालचा स्नायू त्याच ठेक्यावर उडायचा, आवाज थांबला की थांबायचा, दुखत अजिबात नव्हतं पण कोणीतरी आतून टिचक्या मारतंय असं वाटत होतं. हे खरं असतं!! मशीनमधल्या ग्रेडियंट कॉइल्स म्हणजे तारांची वेटोळी चुंबकीय क्षेत्र फार वेगाने वरखाली करतात, बदलत्या क्षेत्रामुळे शरीरात वीज तयार होते आणि नसा चाळवतात. पाठ, नितंब, खांदे इथे जास्त जाणवतं. सुरुवातीच्या काळात तर हृदयावर परिणाम होईल अशी भीती होती, पीटर मॅन्सफील्ड (एमआरआयच्या शोधासाठी २००३ चं नोबेल पॉल लॉटरबर यांच्यासोबत मिळालं ते) यांना तसा धोक्याचा इशारा मिळाला होता तरी १९७८ मध्ये ते स्वतःच मशीनमध्ये झोपले. आता माहीत आहे की हृदयाला धक्का बसायला नसांपेक्षा खूप जास्त जोर लागतो, आणि मशीनच्या मर्यादा नसांना त्रास होणार नाही अशा हिशोबाने ठरवलेल्या आहेत.

टेक्निशियनने हात एकमेकांत गुंफू दिले नाहीत, मांड्यांच्या मध्ये पॅड ठेवला. मला आधी वाटलं उगाच नियम आहेत, पण नाही, त्वचेला त्वचा टेकली की शरीरात वीज फिरायला गोल रस्ता तयार होतो, मग झटके वाढतात आणि तिथे भाजूही शकतं. वजन विचारतात तेही उगाच नाही, मशीन शरीरात सोडतं त्या रेडिओ लहरींची उष्णता किती चालेल ते मशीन वजनावरून काढतं, नेहमीच्या मोडमध्ये पूर्ण शरीराला किलोमागे २ वॅटची मर्यादा असते. पाठ कोमट झाली, घाम आला, एवढं ठीक. पण एकाच जागी चटका बसतोय, टॅटूवर किंवा कपड्याखाली जळजळतंय असं झालं तर सहन करत पडून राहू नका, टेक्निशियनला बोलवायला हातात रबरी फुगा देतात तो दाबा. व्यायामाच्या काही कपड्यांत चांदीचे धागे असतात म्हणून इथे सगळ्यांना गाऊनच घालायला देतात, मला हे फार आवडलं.

इंजेक्शन गेलं तेव्हा दंडापर्यंत गार वाटलं आणि तोंडात लोखंडासारखी चव आली, दोन-चार मिनिटांत गेली. किडनी चांगली असेल तर ते गॅडोलिनियमचं औषध बहुतेक सगळं एका दिवसात लघवीतून निघून जातं, किडनीचा रिपोर्ट त्यांनी आधी मागून बघितला होता.

आता तो कापलेला स्टार. बाहेर आल्यावर उठताना डोकं हलकं वाटत होतं, काउंटरवर झटक्यांबद्दल आणि चवीबद्दल सांगितलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, हे सगळं मनाचं असतं." मला खूप वाईट वाटलं, कारण पुढचा घाबरलेला पेशंट हे ऐकून आतमध्ये खरंच चटका बसला तरी गप्प बसेल. घाबरून भराभरा श्वास घेतला की ओठांना, बोटांना मुंग्या येतात हे खरं आहे, तसंही होतं बऱ्याच जणांना. पण ठकठकीच्या ठेक्यावर उडणारा स्नायू मनाचा नसतो. आत काम करणाऱ्या माणसाला जे माहीत आहे ते काउंटरवरच्यांनाही शिकवा एवढीच विनंती, तसं मी त्यांच्या फीडबॅक फॉर्मवर पण लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी मला काहीच त्रास नव्हता. तुम्हाला अंगावर पुरळ आलं, श्वास लागला, फोड दिसला किंवा ऐकू कमी येत राहिलं तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. बंद जागेची भीती असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा आणि आतला बोगदा ७० सेंटीमीटर रुंद असलेलं मशीन आहे का विचारा, ६० वाल्यापेक्षा बराच फरक पडतो. रिपोर्ट वेळेवर मिळाला, इमेज स्पष्ट आहेत, पुन्हा करायची वेळ आली तर मी इथेच येईन.