पाणघोड्याच्या पोटाबद्दल एकही प्रश्न न विचारणारं गिऱ्हाईक

परदेशी गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका ठगाने माझे २९,४५० रुपये नेले. आधी १६,८००, मग अर्ध्या तासात ७,४५०, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ५,२००. तिन्ही वेळा माझाच फोन, माझाच पिन. लाजेपायी चार दिवस घरात कुणाला सांगितलं नाही. आता सांगते, कारण बेळगाव, खानापूर, निपाणीकडची ओळखीतलीच कितीतरी मुलं-मुली रात्री जागून परदेशी गिऱ्हाइकांना चित्रं काढून देतात, आणि हाच माणूस उद्या दुसऱ्या नावाने त्यांच्याकडे जाणार आहे.

माझं काम अगडबंब देहाच्या प्राण्यांचं. माणसासारखे दोन पायांवर उभे, अंगात कपडे, आणि वजन दोन-तीन माणसांचं. हत्ती, अस्वल, पाणघोडा, डुक्कर. हे काम मागणारी माणसं फार नेमकी असतात. पहिल्याच मेसेजसोबत रेफरन्स शीट येते: समोरून, बाजूने, पाठीमागून, शिवाय रंगांचे कोड. पोट कुठवर लोंबतं, बसल्यावर मांड्यांवर किती पसरतं, वळ्या किती, शेपटी नेमकी कुठून निघते, सगळं आधी सांगतात आणि रफ, म्हणजे कच्चं रेखाटन, बघून परत सांगतात. एका पोटासाठी पाच-पाच वेळा रफ बदललेला आहे मी.

या माणसाने दोन ओळी पाठवल्या. पैलवान पाणघोडा, हलवाई हत्ती, ट्रक चालवणारं अस्वल, "खूप मोठे, खूप छान". शीट नाही, रंग नाही. तीन चित्रं, प्रत्येकी ९० डॉलर, एकूण २७०. मी नेहमी निम्मे पैसे आधी घेते. तो म्हणाला, कंपनीच्या खात्यातून सगळी रक्कम एकदमच निघेल, तोवर तू रफ दाखव. आणि मी दाखवला.

तो रफ चुकलेला होता. घाईत काढलेला. इतकं जड शरीर उभं करायचं तर तोल पहिला. मोठा पेअर फळासारखा आकार काढायचा, त्याच्या मध्यातून सरळ खाली रेघ सोडायची, ती दोन पावलांच्या मधे पडली पाहिजे. पोट पुढे गेलं की पाठ मागे झुकवावी लागते, खांदे टाचांच्या रेषेच्याही मागे न्यावे लागतात, पावलं फाकवावी लागतात. नऊ महिन्यांची गरोदर बाई कशी चालते ते बघा, तोच हिशोब. माझ्या रफमध्ये पाठ ताठ होती आणि रेघ अंगठ्यांच्या चार बोटं पुढे पडत होती. तो पाणघोडा एक क्षण उभा राहिला नसता, तोंडावर आपटला असता. पट्टाही मी पोटाच्या मधोमध बांधला होता. एवढ्या पोटावर पट्टा मधोमध राहतच नाही, तो घसरून पोटाखाली जातो, समोरून दिसेनासा होतो आणि फक्त कमरेच्या बाजूंना दिसतो. हे सगळं मी पुढच्या फेरीत दुरुस्त करणार होते.

दोन मिनिटांत उत्तर: "परफेक्ट! पैसे पाठवतो."

इथे. याच ठिकाणी मला कळायला हवं होतं. या प्रकारची चित्रं विकत घेणारा कुणीही त्या रफला परफेक्ट म्हणणार नाही. त्याने चित्र बघितलंच नव्हतं. त्याला चित्र नकोच होतं. दहा वर्षं हे काम करते, चूक मला दिसत होती, आणि ती त्याला दिसली नाही याचा मला आनंद झाला, एक फेरी वाचली म्हणून. रोज रात्री तेच आठवतं.

मी अडाणी नाही. याआधी तीन परदेशी गिऱ्हाइकांचे पैसे व्यवस्थित आलेत, आणि परदेशातले पैसे पोचवणाऱ्या ऑनलाइन कंपनीच्या नवीन खात्यावर रक्कम काही दिवस अडकून राहते हेही खरंच घडतं. म्हणून त्या कंपनीच्या नावाने "रक्कम होल्डवर आहे" असा मेल आला तेव्हा धक्का बसला नाही. लोगो बरोबर, रंग बरोबर, माझं नाव बरोबर. पुढे त्यात लिहिलं होतं: खातं साधं आहे, मर्यादा वाढवायला गिऱ्हाइकाने २०० डॉलर जास्तीचे भरलेत, ते एजंटला परत केले की सगळे ४७० मोकळे होतील. रात्रीचे ११:४० झाले होते, तो दर पाच मिनिटांनी लिहीत होता की माझे पैसे अडकलेत, तू मला फसवतेस का. मी फसवणारी नाही हे दाखवायला मी १६,८०० पाठवले. १२:१० ला "खातं बदलण्याची फी" ७,४५०. सकाळी ९:२० ला "कर" ५,२००. मग ११,००० मागितले तेव्हा हात थांबला.

परदेशातल्या गिऱ्हाइकाचे डॉलर परत करायचे, आणि ते आपल्याच देशातल्या कुणा माणसाच्या यूपीआयवर? हा प्रश्न एकदाही मनात आला नाही. पैसे आले की नाही हे मेलमध्ये बघायचं नसतं. स्वतः पत्ता टाइप करून खात्यात लॉगिन करायचं आणि शिल्लक बघायची. मी केलं असतं तर शून्य दिसलं असतं. बास.

आणि चित्रंही गेली. "पैसे आलेत" म्हणून पाणघोड्याची पूर्ण फाइल दिली, ए-फोर, ३०० डीपीआय, २४८० बाय ३५०८ पिक्सेल, म्हणजे छापता येईल इतकी मोठी. त्यावर १९ तास गेले होते. हत्तीचे फ्लॅट कलरपर्यंत, म्हणजे सावल्यांआधीचे सपाट रंग भरेपर्यंत, १४. हत्तीचा मी छोटा नमुना पाठवला होता, पण वॉटरमार्क, म्हणजे चित्रावरचा नावाचा पुसट ठसा, कोपऱ्यात. कोपरा कापायला दोन सेकंद लागतात. वॉटरमार्क पोटावरून तिरका न्या, वळ्यांच्या रेषा ओलांडून. सपाट रंगावरचा सहज पुसला जातो, वळीची सावली आणि शर्टाच्या चुण्या जिथे एकमेकांत जातात तिथला पुसताना चित्र बिघडतं. पैसे खात्यात दिसेपर्यंत ९०० पिक्सेलच्या वर काहीही देऊ नका. लेयरची, म्हणजे चित्राचे थर सुटे असलेली मूळ फाइल तर कधीच नाही, तीच तुमची मालकी दाखवते.

सकाळी दहा वाजता १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. तक्रार घेतली, नंबर मिळाला. तुमच्यावर वेळ आली तर रात्रीच लावा, सकाळची वाट बघू नका, पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळतात. माझे पहिले दोन हप्ते तोवर दहा तासांचे जुने झाले होते.

मग बँकेची शाखा. "मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय." रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी वाचून गेले होते. त्यातलं संरक्षण ग्राहकाने परवानगी न दिलेल्या व्यवहारांना आहे, हे मला मान्य आहे. पण पैसे ज्या बँकेत गेले तिला त्या खात्याबद्दल कळवा, एवढंच मी मागत होते. शाखेतल्या बाईंनी अर्ज घेतला आणि पोच द्यायला नकार दिला. पोच! एक शिक्का! अर्धा तास वाद घातल्यावर मिळाला.

पोलीस ठाण्यात तीन खेपा. पहिल्यांदा: "ऑनलाइन केलीय न्हवं, मग हितं कशाला?" दुसऱ्यांदा अर्ज मराठीत होता. "कन्नडदाग बरकोंड बर्री." म्हणजे कन्नडमध्ये लिहून आणा. मी कन्नड बोलते, शाळेत शिकलेय, पण कायद्याचा अर्ज लिहिण्याइतकं येत नाही. शेजारच्या काकांनी लिहून दिला, "लेयर" आणि "रफ" कन्नडमध्ये समजावताना आमची संध्याकाळ गेली. तिसऱ्यांदा साहेब होते. त्यांनी पुरावा मागितला, मी चॅट आणि चित्र दोन्हीच्या प्रिंट ठेवल्या. त्यांनी पाणघोडा उचलला, बाजूच्याला दाखवला, दोघं हसले. "ह्याला कोण पैसे देतंय, ताई?" मी सांगितलं, लोक देतात, माझं घर त्याच्यावर चालतं. मग म्हणाले, पैसे गेलेलं खातं दुसऱ्या राज्यातलं दिसतंय, तिकडे जा. कुठे जा? बेळगावातून उठून मी कुठल्या राज्यात जायचं? दखलपात्र, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करता येतो असा, गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची असं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे. तो कागद मी पुढे केला. "बघू." त्या "बघू"ला आज सोळा दिवस झाले. माझं चित्र त्यांच्या टेबलावर चहाच्या कपाखाली होतं, मी निघताना बघितलं. एखाद्याची सायकल चोरीला गेली तर कुणी म्हणत नाही, असली सायकल कोण घेतं.

अर्ज नेताना दोन प्रती न्या, चॅटमधल्या वेळा दिसतील असे स्क्रीनशॉट, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, हाताने वेगळा लिहिलेला. कन्नड प्रत आधीच करून ठेवा.

आणि गिऱ्हाइकाची परीक्षा घ्या. आता मी प्रत्येक नव्या माणसाला रफआधी तीन गोष्टी विचारते: बसल्यावर पोट मांड्यांवर टेकतं की दोन गुडघ्यांच्या मधे उतरतं, पट्टा कुठे, शेपटी कुठून. आपल्याकडचा गणपती करणारा कुठलाही कारागीर याचं उत्तर झोपेत देईल. खरं गिऱ्हाईक तर अर्धं पान लिहितं. "तुला आवडेल तसं" म्हणणाऱ्याकडून पूर्ण रक्कम आधी, नाहीतर नमस्कार.

तो पाणघोडा कुठे स्टिकरवर किंवा टी-शर्टवर विकताना दिसला तर मला कळवा. दुरुस्त केलेल्या चित्रात पाठ मागे झुकलेली आहे, पट्टा पोटाखाली गेलाय आणि डाव्या बाजूला त्याचं टोक बाहेर आलंय. सदऱ्याचं खालून दुसरं बटण ताणलंय, त्याच्याभोवती फुलीसारख्या चार चुण्या आहेत. प्रत्येक पावलाला चार बोटं, खऱ्या पाणघोड्याला असतात तशी, आणि उजव्या पावलाच्या बाहेरच्या नखाला बारीक चीर आहे. ती चीर मी शेवटच्या रात्री काढली, कुणी मागितली नव्हती.