मिडीचे ऑडिओत रूपांतर करणारे घरगुती साधन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गाण्याच्या वर्गातील मुलांना साथीचे ट्रॅक मोबाइलवर ऐकून घरी रियाज करता यावा, यासाठी मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातले खिडक्या-बटणे बनवणारे टीकिंटर वापरून एक लहानसे डेस्कटॉप साधन तयार केले. त्यात मिडी फाइल्स निवडायच्या, साउंडफाँट (वाद्यांच्या आवाजांच्या नमुन्यांची फाइल) ठरवायचा आणि बटण दाबायचे, एवढेच काम आहे. आवाज तयार करण्याचे खरे काम पडद्यामागे फ्लुइडसिंथ हा प्रोग्राम करतो आणि एमपी३ एफएफएमपेग हा ऑडिओ-व्हिडिओ रूपांतराचा प्रोग्राम बनवतो.

मिडी फाइलमध्ये आवाज साठवलेला नसतो. कोणता स्वर कधी, किती जोराने वाजवायचा आणि कधी सोडायचा, अशा सूचना त्यात असतात. म्हणून तयार ट्रॅकचा दर्जा मुख्यतः साउंडफाँटवर ठरतो. सुमारे ६ एमबीचा टिमजीएम हा साउंडफाँट चालीची ओळख करून देण्यापुरता चालतो, पण दाबून धरलेला पियानोचा स्वर हळूहळू विरत जाताना त्याच्यातला आणि शंभर एमबीहून मोठ्या फ्लुइडआर३मधला फरक लहान मुलांच्याही लक्षात येतो. मी आता फ्लुइडआर३च वापरतो.

सर्वांत जास्त वेळ आवाजाच्या पातळीने घेतला. फ्लुइडसिंथचा गेन, म्हणजे आवाज किती वाढवायचा तो आकडा, मुळात ०.२ असतो, एकट्या पेटीचा ट्रॅक त्यावर फारच हळू आवाजात येतो, आणि गेन वाढवून १ केला तर भरगच्च वाद्यमेळ असलेल्या जागी आवाज फाटतो. प्रत्येक गाण्यासाठी वेगळा आकडा शोधत बसण्यापेक्षा, आधी फ्लोट (दशांश आकड्यांच्या) स्वरूपात वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या आवाजाची, फाइल काढायची, म्हणजे मर्यादेबाहेर गेलेली शिखरे कापली जात नाहीत, आणि मग एफएफएमपेगने पातळी सारखी करायची, ही पद्धत मला निर्विवादपणे चांगली वाटली. १६ बिट, ४४,१०० हर्ट्झच्या स्टिरिओ वेव्हला मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात. फ्लोटमध्ये त्याच्या दुप्पट. ही मधली फाइल काम झाल्यावर साधन स्वतःच पुसून टाकते.

रूपांतर वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे खिडकीच्या कामाला समांतर, चालवणे मात्र आवश्यक आहे, नाहीतर तेवढा वेळ खिडकी गोठून राहते. वेगाबद्दल काहीच तक्रार नाही, कारण फाइलमध्ये लिहिताना गाणे प्रत्यक्ष वाजून संपण्याची वाट पाहावी लागत नाही.

आपल्या संगीताच्या दृष्टीने अडचण वेगळीच आहे. १९९१च्या जनरल मिडी या प्रमाणित वाद्ययादीतील १२८ वाद्यांत सतार १०५व्या आणि शहनाई ११२व्या क्रमांकावर आहे, पण तबला कुठेच नाही. फ्लुइडसिंथमध्ये एकावर एक साउंडफाँट चढवता येतात, त्यामुळे तबल्याचा स्वतंत्र फाँट वेगळ्या बँकेवर (वाद्यांच्या वेगळ्या संचात) ठेवून हा प्रश्न सुटला. मींडेसाठी पिच बेंड, म्हणजे वाजता स्वर वरखाली सरकवण्याची सूचना, आहे. त्याचा पल्ला सुरुवातीला वरखाली दोन अर्धस्वरांचाच असतो. ‘सा’वरून ‘ग’पर्यंत जाण्यासाठी तो चार अर्धस्वरांचा करावा लागतो, आणि त्यासाठी कंट्रोलर (मिडीतील क्रमांक दिलेल्या नियंत्रण-सूचना) १०१ व १०० शून्यावर ठेवून कंट्रोलर ६ मध्ये ४ हा आकडा मिडी फाइलमध्येच लिहावा लागतो. तेवढे केले की मींड सुरेख उतरते. ठेक्यातील दाब, घुमारा आणि बायाची घिस मात्र अजून हव्या तशा येत नाहीत, म्हणून विलंबित रचनांसाठी मी हे साधन वापरत नाही.

काही फाइल्स शेवटचा स्वर सुटताक्षणीच संपतात आणि त्याचा गुंजारव तुटतो. अशा वेळी मिडीच्या शेवटी दोन मात्रा मोकळ्या सोडाव्यात. साधन इतरांना द्यायचे असल्यास सोबतच्या साउंडफाँटचा परवाना आधी तपासावा. फ्लुइडआर३ एमआयटी परवान्याखाली असल्यामुळे परवान्याचा मजकूर जोडून मी तो बरोबरच देतो.