द्राक्षपेटीतील सल्फर डायऑक्साइडचा पॅड : चार महिन्यांचा अनुभव

दिंडोरी तालुक्यातील आमच्या बागेतला थॉम्पसन आणि थोडा शरद सीडलेस (दोन्ही द्राक्षांच्या जाती) जानेवारी ते एप्रिल पाच किलोच्या पेट्यांत भरताना मी प्रत्येक पेटीत बुरशी रोखण्यासाठी दोन टप्प्यांत वायू सोडणारा पॅड वापरला. आपल्याकडे सगळे त्याला ग्रेपगार्डच म्हणतात.

पॅडच्या थरांत सोडियम मेटाबायसल्फाइटची भुकटी असते. पेटीतील ओलावा तिला लागला की सल्फर डायऑक्साइड सुटतो. एक थर पहिल्या एक-दोन दिवसांत जोरात काम करतो, दुसरा पुढे कित्येक आठवडे थोडा थोडा वायू देत राहतो. हा वायू हवेच्या सुमारे सव्वादोन पट जड असल्याने पॅड घडांच्या वर ठेवणेच योग्य. शून्य ते एक अंशाला पाच आठवडे ठेवलेल्या पेट्या उघडल्या तेव्हा मणी टणक होते आणि देठही बऱ्यापैकी हिरवे होते. पडताळणीसाठी मुद्दाम पॅडविना ठेवलेल्या दोन पेट्यांत मात्र राखाडी बुरशीने एका मण्यावरून दुसऱ्यावर जात घडच्या घड चिकटवून टाकले होते. अर्थात, बागेतूनच बुरशी घेऊन आलेला मणी हा वायू बरा करत नाही, केवळ शेजारच्यांना वाचवतो, म्हणून भरतानाची छाटणी टाळता येत नाही.

फेब्रुवारीतील एका खेपेची चूक सर्वस्वी माझी होती. प्रीकूलिंग (माल आधी थंड करणे) पुरे होण्याआधीच घाईने पॅड ठेवून लायनर, म्हणजे पेटीतील प्लास्टिकचे अस्तर, बंद केला. कोमट मालाची वाफ आत थिजली आणि ओल्या झालेल्या पॅडने आठवड्यांचा वायू बहुधा दोन-तीन दिवसांतच सोडला. पाण्यात विरघळून आम्ल होणाऱ्या आणि रंग उडवणाऱ्या या वायूने मण्यांवर देठाजवळून पांढरट चट्टे पाडले. थॉम्पसनमध्ये ते निरखून पाहावे लागत होते, शरदच्या काळ्या रंगावर दुरूनच दिसत होते. तो माल स्थानिक बाजारात मिळेल त्या भावाला द्यावा लागला.

पेटी उघडताना पेटत्या काडीसारखा उग्र वास येतो, आमच्याकडे दम्याचा त्रास असलेल्या मजुराला ते काम मी देत नाही. युरोपात किलोमागे 10 मिलिग्रॅमहून अधिक सल्फाइट असलेल्या खाद्यपदार्थावर तसा उल्लेख बंधनकारक आहे, त्यामुळे निर्यातीच्या पेटीत "जास्त सुरक्षितता" म्हणून दोन पॅड टाकणे मला मुळीच पटत नाही. पॅडचे फोडलेले पाकीट हवाबंद डब्यात ठेवावे. पुढच्या हंगामात मी पुन्हा हेच पॅड घेणार आहे, पण त्याआधी प्रीकूलिंगच्या खोलीसाठी नवा तापमापक.