बाल्कनीत मोगऱ्यापेक्षा जाई उजवी : सव्वा वर्षाचा अनुभव

बाल्कनीत वासाची फुलं हवीत असं म्हटलं की दहातले नऊ जण मोगरा सुचवतात. मीही गेल्या वर्षी मृगात वेली मोगरा आणला, पण त्याच फेरीत एक जाईही घेतली, आणि पुढे जुई आली. आता दुसरा पावसाळा सरत आलाय. मोगरा आणि जाईचे सगळे ऋतू बघून झाले, तेव्हा माझं मत आधीच सांगून टाकते : जागा एकाच मोठ्या कुंडीची असेल तर जाई लावा. मोगरा दुसऱ्या नंबरवर, तोही भरपूर ऊन असेल तरच.

आमचं घर पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनी पश्चिमेची, म्हणजे साडेबाराच्या सुमारास ऊन आत येतं ते दिवस मावळेपर्यंत. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. दोन्ही क्षारयुक्त. वेली कशा वाढतील हे निम्मं या दोन गोष्टींवरच ठरतं.

रोप विकत घेताना पान बघायला शिका. नर्सरीत बहुतेक वेळा फुलाविना रोप हातात देतात आणि “जुईच आहे ताई, बिनधास्त न्या” म्हणतात. मला पहिल्यांदा मिळालेली जुई थंडीत फुलली तेव्हा कुंद निघाली. फुलं पांढरीशुभ्र, वेल भरून आलेली, दिसायला फार सुरेख, पण वास जवळजवळ नाहीच. नर्सरीवाल्याने बदलून द्यायला साफ नकार दिला. खुणा तशा सोप्या आहेत. मोगऱ्याचं पान एकेकटं, रुंद, चकचकीत, फांदीवर समोरासमोर जोडीने येणारं. जाईच्या एका देठावर सात ते नऊ छोट्या पर्णिका असतात आणि टोकाची पर्णिका सगळ्यांत मोठी. जुईच्या पानाच्या बुडाशी बहुतेक वेळा दोन अगदी चिमुकल्या पर्णिका चिकटलेल्या दिसतात, उंदराच्या कानांसारख्या. कुंदाचं पानही एकेकटंच, पण कोवळ्या फांदीवरून बोट फिरवलं की लव लागते. शक्य असेल तर थांबा आणि रोप फुलावर असतानाच घ्या.

आता मोगरा. तो फुलला की त्याला तोड नाही, यात वादच नाही. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत आमच्याकडे रोज ओंजळभर कळ्या निघाल्या. संध्याकाळी कळी सैल होते आणि वास दिवाणखान्यापर्यंत येतो. पण तिथवर पोहोचायला त्याने पुष्कळ मेहनत करून घेतली. मोगरा हे मुळात उघड्या रानातलं पीक. पालघरकडे जव्हार, विक्रमगडच्या शेतकऱ्यांनी मोगऱ्याचे मळे केलेत, तिथली फुलं दादरच्या फुलबाजारात जातात. त्या मळ्यांत डोक्यावर दिवसभर ऊन असतं. फ्लॅटच्या बाल्कनीत वरच्या मजल्याची सावली पडते, ग्रिलची सावली पडते, आणि मोगरा लगेच पानांवर जातो. सहा तास थेट ऊन मिळालं तरच कळ्या धरतो.

दुसरी अडचण पिवळेपणाची. पहिल्या हिवाळ्यात नवी पानं फिकट पिवळी येऊ लागली, शिरा मात्र हिरव्या. ही लोहाची कमतरता. क्षारांच्या पाण्याने माती अल्कधर्मी होत जाते आणि मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. खत वाढवून काही होत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारली, पंधरा दिवसांनी पुन्हा, आणि नवी पालवी हिरवीगार आली. फवारताना खाली जुनी चादर घाला, हिराकशीचे तांबडे डाग फरशीवरून निघत नाहीत. पावसाळ्यात मी पागोळ्यांखाली बादल्या लावते आणि ते पाणी मोगऱ्यालाच ठेवते.

तिसरी गोष्ट छाटणी, आणि मोगऱ्याचं सगळं गणित इथेच आहे. फूल नव्या फुटीवरच येतं. डिसेंबरच्या शेवटी पाणी तोडायचं, आठ-दहा दिवसांनी उरलेली पानं खुडायची आणि वेल मातीपासून दीड फुटावर छाटायची. मग वरची माती उकरून शेणखत द्यायचं आणि भरपूर पाणी. कात्री लावताना जीव खालीवर होतो हे खरं. आमच्या मजल्यावरच्या काकूंचा मोगरा माझ्यापेक्षा जुना, उंच, हिरवागार आहे. त्यांनी छाटू दिला नाही आणि उन्हाळ्यात त्यांना मोजकी फुलं मिळाली.

किडीही त्यालाच जास्त. एप्रिलात पानांखाली लाल कोळी येतात. बारीक जाळी दिसली की पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागून मारायचा, रोज, आठवडाभर. कळ्या न उमलताच जांभळट होऊन सुकायला लागल्या तर त्या कळीच्या आत माशीच्या सूक्ष्म अळ्या असतात. एक कळी नखाने उभी चिरून बघा, पांढुरके जीव वळवळताना दिसतील. अशा कळ्या खुडून पिशवीत बांधून टाकायच्या, कुंडीत पडू द्यायच्या नाहीत, कारण अळी मातीत जाऊन कोष करते आणि पुढची पिढी तिथूनच वर येते. वरचा इंचभर थर बदलून निंबोळी पेंड मिसळली तेव्हा कुठे आटोक्यात आलं.

आणि एवढं करून पावसाळ्यात मोगरा मंदावतो. जुलैपासून तुरळक फुलं, थंडीत काहीच नाही.

जाईचं वर्ष मात्र पाऊस सुरू झाला की सुरू होतं. जूनमध्ये पहिल्या कळ्या दिसल्या आणि गेल्या वर्षी अगदी दिवाळीनंतरही फुलं येत होती. कळी लांबट, टोकदार, बाहेरून गुलाबी झाक असलेली. पाच पाकळ्या उघडल्या की आतून शुभ्र, मागे मात्र तो गुलाबी रंग राहतो. मी कामावरून येते त्या वेळी, सातच्या आसपास, त्या उमलत असतात. मोगऱ्याचा वास गोड आणि जड आहे, जाईचा हलका, त्यात किंचित हिरवेपणा. पावसाने हवा ओली असली की तो दारं-खिडक्या लावूनही आत येतो. बाहेर राखाडी आभाळ, कपडे वाळत नाहीत, आणि घरभर हा वास. माझ्यासाठी जाईचं पारडं इथेच जड झालं. उन्हाळ्यात आंब्यापासून मोगऱ्यापर्यंत सगळ्याच वासांची चंगळ असते, पावसाळ्यातल्या कोंदट घराला फुलांची खरी गरज असते.

काळजी फारच कमी. चार-पाच तास उन्हात ती भागवते. त्याच बोअरच्या पाण्यावर पिवळी पडली नाही. फक्त आधार नीट द्यावा लागतो. जाई काकडीसारखी तणाव्यांनी धरून चढत नाही, लांब फांद्या टाकत पसरते आणि वाऱ्याने लोंबते. ग्रिलला आडव्या तारा ताणून जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांनी सैल बांधत गेले. सुतळीने कोवळी साल काचते. फांद्या उभ्या वर नेण्यापेक्षा आडव्या वळवा, प्रत्येक पेरातून फूट येते आणि फुलं खालपासून लागतात. छाटणी हिलाही लागते, जानेवारीत एकदा, बस.

तिची रोपंही घरच्या घरी होतात. जमिनीलगतची फांदी वाकवून एका पेराखाली साल थोडी खरवडायची, तो भाग शेजारच्या छोट्या कुंडीत मातीखाली दाबायचा आणि वर दगड ठेवायचा. पावसाळ्यात लावलेलं दाब कलम तीनेक महिन्यांत मुळं धरतं. मगच मूळ वेलीपासून कापायचं.

गजऱ्याच्या बाबतीत सासूबाईंचं मत वेगळं आहे आणि ते बरोबर आहे. “मोगऱ्याच्या कळ्या सकाळी ओवल्या तर रात्रीपर्यंत फुलत राहतात गं, जाई रात्रीतच माना टाकते.” जाईची नळी नाजूक, दोऱ्याच्या गाठीतही दुमडते. रोज केसात माळायची हौस असेल तर मोगऱ्याला पर्याय नाही. मी जाईची फुलं वाटीत पाण्यावर ठेवते किंवा देवाला वाहते. तोडल्यानंतरही ही फुलं कितीतरी वेळ वास सोडत राहतात. फुलेल, म्हणजे फुलांच्या वासाचं तेल, करणारे पूर्वी याच गुणावर काम करत, तिळांचे आणि फुलांचे थरावर थर देऊन तिळात वास मुरवायचे आणि मग तीळ घाण्यात घालायचे.

जुईवर थोडक्यात, कारण खरी जुई माझ्याकडे उशिरा आली. फूल तिघींत सगळ्यांत लहान, पण झुपक्याने येतं, आणि वास अंधार पडल्यावर वाढतो. ती सावकाश वाढते. पहिल्या मोसमात फारशी अपेक्षा ठेवू नका. शयनगृहाच्या खिडकीबाहेर जागा असेल तर तिथे लावा.

कुंडीबद्दल : मोगऱ्याला बारा इंची चालते, जाईला सोळा इंची घ्या. ओली झाल्यावर ती एकट्याने हलत नाही, म्हणून आधी जागा ठरवा, मग माती भरा. माझं मिश्रण लाल माती, शेणखत आणि कोकोपीट साधारण सारखं, वर चार मुठी जाड वाळू. केळीच्या सालींचं पाणी, चहाचा चोथा वगैरे करून बघितलं, फरक दिसला नाही. महिन्याला दोन मुठी गांडूळखत पुरतं. युरिया मुळीच नको, पानांचं रान माजतं आणि कळ्या धरत नाहीत.

तुमच्या बाल्कनीत तीन तासांपेक्षा कमी ऊन येत असेल तर या तिघींपैकी कुठलीच घेऊ नका. वेल जगते, पण नुसती हिरवी राहते. पूर्वेची बाल्कनी असेल आणि सकाळी अकरापर्यंत तरी ऊन टिकत असेल, तर जाई घ्यायला हरकत नाही. दाब कलमासाठी हेच दिवस चांगले आहेत, ओळखीत कुणाकडे जाई असेल तर त्यांच्या वेलीवरच एक फांदी दाबून ठेवायला सांगा.