एक्सव्ही६ सत्रभर वापरल्यावर: कोणी हात घालावा, कोणी थांबावं

ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय संगणक अभियांत्रिकीच्या पदवीत मधल्या वर्षांत येतो आणि बहुतेक जण तो पाठांतराचा विषय म्हणूनच काढून टाकतात. डेडलॉकच्या चार अटी लिहा, पेजिंगची आकृती काढा, सुटलो. आमच्याकडे या विषयाच्या लॅब एक्सव्ही६ या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमवर होत्या. गेले काही महिने मी तिचं छोटं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, वाचतेय, मोडतेय, परत उभं करतेय. ‘यात वेळ घालवावा का?’ असं विचारणारे बरेच जण भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एमआयटीत २००६ साली खास शिकवण्यासाठी ही सिस्टिम लिहिली गेली. आधार १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा, नावातला सहा तिथूनच आलाय. आधी ती एक्स८६ प्रोसेसरसाठी होती, २०१९ पासून रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेच्या प्रोसेसरवर आली. नव्याने सुरू करणाऱ्याने रिस्क-फाइव्हचीच घ्यावी. एक्स८६ वर मशीन बूट होताना जुन्या १६ बिटच्या जमान्यातून पुढे यावं लागतं, आणि ते समजून घेण्यात जाणारी ताकद मूळ विषयाला उपयोगी पडत नाही.

कर्नलचा सगळा कोड दहा हजार ओळींच्या आत आहे. तिची खरी किंमत इथेच आहे. लिनक्सच्या कोट्यवधी ओळींत आपण एखादा कोपरा बघतो आणि बाकीचं चालतं असं धरून पुढे जातो. इथे धरून चालण्यासारखं काही उरतच नाही. कीबोर्डवरचं बटण दाबल्यापासून ते अक्षर शेलपर्यंत (कमांड घेणाऱ्या प्रोग्रामपर्यंत) कसं पोचतं, ते सलग वाचता येतं.

इन्स्टॉल करायला क्यूएमयू हा इम्युलेटर (दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) आणि रिस्क-फाइव्हचा क्रॉस कंपायलर (आपल्या मशीनवर त्या प्रोसेसरसाठी कोड बनवणारा) लागतो. लिनक्सवर फारसा त्रास नाही.

मला सगळ्यात जास्त पेज टेबलने, म्हणजे प्रोग्रामच्या पत्त्यावरून मेमरीतली खरी जागा काढायच्या तक्त्याने, दिलं. पुस्तकात तीन पायऱ्यांचं झाड काढलेलं असतं, पण तीनच का, हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. रिस्क-फाइव्हच्या एसव्ही३९ पद्धतीत पत्ता ३९ बिटांचा. पान (मेमरीचा ठरावीक तुकडा) ४०९६ बाइटांचं, म्हणजे खालचे १२ बिट पानाच्या आतली जागा सांगतात. उरले २७. एकच सपाट तक्ता केला तर तेरा कोटींवर नोंदी, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे प्रत्येक प्रोसेसमागे (चालू प्रोग्राममागे) १ जीबी नुसता तक्ताच! आता उलट बाजूने बघा: एका पानात ८ बाइटांच्या ५१२ नोंदी मावतात, ५१२ म्हणजे दोनाचा नववा घात, आणि २७ चे नऊ-नऊचे तीन भाग पडतात. न वापरलेल्या भागांची पानं तयारच होत नाहीत. हे झाड फिरणारं फंक्शन जेमतेम वीस ओळींचं आहे. डेटा स्ट्रक्चर्समध्ये झाडं शिकताना ‘हे कुठे वापरतात?’ असं विचारलं की मिळणाऱ्या गुळमुळीत उत्तरांपेक्षा या वीस ओळी बऱ्या.

तसंच कॉन्टेक्स्ट स्विचचं. एका प्रोसेसवरून दुसरीवर जाताना असेंब्लीतलं छोटं रूटीन प्रोसेसरमधली फक्त १४ रजिस्टर (आकडे ठेवायच्या जागा) जपून ठेवतं. बाकीच्यांचं काय? ते रूटीन सी मधून साधं फंक्शन म्हणून बोलावलं जातं, त्यामुळे बाकीच्यांपैकी जी पुढे लागणार असतात ती कंपायलरने आधीच स्टॅकवर ठेवलेली असतात. याउलट यूजर प्रोग्राम इंटरप्टने, म्हणजे हार्डवेअरच्या हाकेने, मध्येच थांबला तर सगळी जपावी लागतात, कारण त्या बिचाऱ्याला आपण थांबणार आहोत हे माहीतच नसतं. कंपायलर, आर्किटेक्चर आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे तीन वेगळे पेपर इथे एकाच फाइलमध्ये भेटतात. वर्गात हे तीन जण तीन वेगळ्या तासांना शिकवतात, एकमेकांचं नावही न घेता.

लॅबपैकी एकच करायची असेल तर कॉपी-ऑन-राइटची करा. मूळ एक्सव्ही६ मध्ये फोर्क केलं (प्रोसेसची जुळी प्रत काढली) की आईची सगळी मेमरी मुलासाठी कॉपी होते, आणि लगेच एक्झेक (त्या जागी नवा प्रोग्राम चढवणं) आलं की ती कॉपी वाया जाते. म्हणून दोघांना तीच पानं ‘फक्त वाचा’ म्हणून द्यायची. कोणी लिहायला गेलं की पेज फॉल्ट, म्हणजे परवानगी नसलेल्या पानाला हात लावल्याची प्रोसेसरची तक्रार, येतो (कारणाचा क्रमांक १५), तेव्हा ते एक पान कॉपी करायचं. कल्पना सोपी, पण खोच दोन ठिकाणी आहे. एक, प्रत्येक पान किती जण वापरताहेत याचा हिशेब, तोही लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावून. दुसरी जास्त छान: कर्नल स्वतः यूजरच्या पानात लिहितं, तेव्हा ते पेज टेबल आपल्या कोडने चालून पत्ता काढतं, त्यामुळे फॉल्ट येतच नाही. ती वाट वेगळी हाताळावी लागते. टेस्टमधले पहिले भाग पास आणि फाइलचा भाग नापास, असं दिसलं की समजायचं, गाडी इथेच अडलीय.

डीबगिंग मात्र सोसावं लागतं. जीडीबी हा डीबगर जोडता येतो, तरी बराच काळ प्रिंटवरच निघतो. एक सोय फार आवडली: सोडलेलं पान कर्नल मुद्दाम १ ने भरतं आणि नव्याने दिलेलं ५ ने. पॅनिकमध्ये (कर्नल कोसळताना) ०५०५०५ असा पत्ता दिसला की पान कोरं न करताच वापरलंय हे तिथल्या तिथे कळतं. लॉकच्या भानगडीत असं काही मिळत नाही, स्क्रीन नुसती गप्प होते. अशा वेळी सीपीयूची संख्या १ करून चालवा. तरीही अडकत असेल तर दोष वेगळ्या जातीचा आहे. लॉकच्या लॅबचा पहिला अर्धा, म्हणजे मोकळ्या पानांची एकच यादी मोडून प्रत्येक सीपीयूला वेगळी देणं, मस्त आहे. बफर कॅशचा (डिस्कचे ब्लॉक मेमरीत धरून ठेवणाऱ्या भागाचा) उरलेला अर्धा मला नुसता किचकट वाटला.

आता उणिवा. शेड्यूलर साधा राउंड रॉबिन (सगळ्यांना पाळीपाळीने), स्वॅप (मेमरीतली पानं डिस्कवर हलवणं) नाही, प्रोसेस जास्तीत जास्त ६४, आणि नव्या प्रोसेससाठी मोकळी जागा शोधायची तर तक्ता वरून खाली चाळायचा. फाइल जेमतेम २६८ केबीची: १२ थेट ब्लॉक आणि एका अप्रत्यक्ष ब्लॉकमधून २५६. (ही मर्यादा वाढवायची लॅब आहे, एका थेट ब्लॉकच्या जागी दुहेरी अप्रत्यक्ष ब्लॉक घातला की ६५,८०३ ब्लॉकपर्यंत जाते.) शेलमध्ये वरचा बाण दाबून मागची कमांडसुद्धा येत नाही. यातलं बरंच मुद्दाम साधं ठेवलेलं आहे, पण खऱ्या कर्नलमध्ये असंच असतं असा समज करून घेतला तर फसाल.

आणि लेखी परीक्षेसाठी म्हणून याकडे वळू नका. बँकरचा अल्गोरिदम, पेज रिप्लेसमेंट, शॉर्टेस्ट जॉब फर्स्ट, यातलं काहीही इथे सापडणार नाही. ते वेगळं करावंच लागतं. शिवाय लॅबची उत्तरं इंटरनेटवर ढिगाने पडलेली आहेत. ती उतरवली तर हाती शून्य, कारण उत्तर बहुतेक वेळा तीस-चाळीस ओळींचंच असतं आणि त्या ओळी कुठे घालायच्या हे शोधण्यातच सगळा अभ्यास आहे.

सी मधले पॉइंटर अजून डोळे मिटून लिहिता येत नसतील तर आधी तिथे एक महिना घाला. पॉइंटरचा पॉइंटर, टाइप कास्ट, बिट सरकवणं, एवढं जमलं की रिस्क-फाइव्हची असेंब्ली वाटेत शिकता येते. सगळ्या लॅब एका सत्रात नीट होत नाहीत. सिस्टिम कॉल, पेज टेबल, ट्रॅप (प्रोग्राममधून कर्नलमध्ये शिरणं), कॉपी-ऑन-राइट आणि फाइल सिस्टिम या क्रमाने घ्या, बाकीच्या सुट्टीत. आणि हो, क्यूएमयूमधून बाहेर पडायला कंट्रोल-ए दाबून मग एक्स. पहिल्या दिवशी सगळे टर्मिनलची खिडकीच बंद करतात.