पहिलं नेत्सुके कशाचं घ्यावं: लाकूड, धातू, उरुशी की चिनीमाती?

किमोनोला खिसे नसत. म्हणून एदो काळात (१६०३–१८६८) जपानी पुरुष तंबाखूची पिशवी किंवा औषधाची डबी, म्हणजे इनरो, दोरीने कमरेच्या ओबीला, म्हणजे कापडी पट्ट्याला, लटकवत. दोरी ओबीखालून वर काढली की ती निसटू नये म्हणून टोकाला अडकवलेला तीन-चार सेंटिमीटरचा कोरीव तुकडा म्हणजे नेत्सुके. त्याला दोरीसाठी बहुधा दोन भोकं असतात, त्यांना हिमोतोशी म्हणतात. खरेदीच्या वेळी चेहऱ्याआधी ही भोकं बघावीत.

जुन्या नेत्सुकेंपैकी फार मोठा वाटा हस्तिदंती आहे. भारतात हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे, आणि वस्तू जुनी आहे एवढ्यावर सूट मिळेल असं धरून चालू नये. त्यामुळे आपल्यापुढे खरी निवड उरते ती लाकूड, धातू, उरुशी (झाडाच्या चिकाचा लेप) आणि चिनीमाती या चौघांतली.

आमचं मत स्पष्ट आहे: सुरुवात लाकडापासून करावी. लाकूड आपलं वय लपवत नाही. सर्वात जास्त वापरलं गेलं ते त्सुगे, म्हणजे बॉक्सवुड. घट्ट, बारीक रेषांचं आणि आकाराच्या मानाने जड. जपानच्या ताकायामा भागात यू जातीचं इचिई वापरत, तर नारा शहराच्या मोजक्या घावांत कोरलेल्या बाहुल्यांना हिनोकी, म्हणजे जपानी सायप्रस. वर्षानुवर्षं ओबीवर घासलेल्या नेत्सुकेचे उंचवटे गुळगुळीत होतात, पण खाचांमधले घाव तसेच धारदार राहतात. सगळीकडे सारखीच झीज आणि सारखाच चहासारखा रंग दिसला, तर तो मुद्दाम ‘जुना’ केलेला माल. हिमोतोशीची कड दोरीच्या ओढीच्या दिशेने गोलावलेली हवी. अनेकदा एक भोक दुसऱ्यापेक्षा मोठं असतं, कारण दोरीची गाठ त्यात लपवायची असते. १० पटीच्या भिंगातून लाकडाच्या रेषा एका बाजूकडून दुसरीकडे सलग जाताना दिसल्या पाहिजेत. रेषांऐवजी बारीक बुडबुडे किंवा साच्याची शिवण दिसली, तर ते रेझिन.

नेत्सुके बेडकाचं असेल, तर त्याच्या पाठीवरचे फोड जरूर भिंगाखाली धरा. ‘उकिबोरी’ पद्धतीत बोथट हत्याराने लाकूड आधी ठिपक्यांपुरतं आत दाबतात, आजूबाजूचा पृष्ठभाग त्या पातळीपर्यंत तासतात आणि मग गरम पाणी लावतात. दाबलेला भाग फुगून वर येतो. फोड कोरलेला नसतो, उगवलेला असतो. त्याच्या कडेला हत्याराचा घाव नसतो. ओतीव नकलेत हे साधत नाही. सहीवर मात्र कधीच विसंबू नका. तोमोतादा, मासानाओ या नामवंत कारागिरांची नावं पुढच्या पिढ्यांनी आणि नकलाकारांनी सर्रास कोरली आहेत.

धातूचं नेत्सुके म्हटलं की बहुतेक वेळा कागामिबुता समोर येतं: गोल वाटी आणि तिच्यात बसणारी धातूची चकती. १८७६ मध्ये तलवारी बाळगण्यावर बंदी आल्यावर तलवारीची सजावट करणारे अनेक कारागीर अशा कामाकडे वळले, म्हणून चकत्यांचं काम कधीकधी थक्क करणारं असतं. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडंसं सोनं, रंग निळसर काळा. शिबुइची म्हणजे तांबं आणि चांदी, रंग करडा. हा रंग वरच्या पातळ थरात असतो. चिंच किंवा भांडी उजळायची पावडर लावली की तो गेला, आणि त्याबरोबर वस्तूची किंमतही. दुसरी अडचण वाटीची: ती बऱ्याचदा हस्तिदंती असते. घ्यायचंच तर लाकडी वाटीचं घ्या. चकती वाटीत सपाट बसते का, खुळखुळते का, तेही तपासा. कधीकधी वेगवेगळ्या नेत्सुकेंचे भाग एकत्र केलेले असतात. चकती काढताना सुरी वापरू नका, मागच्या भोकातून लाकडी काडीने हलकेच ढकला.

उरुशीला आपण सवयीने लाख म्हणतो, पण सावंतवाडीच्या कामातली लाख किड्यापासून मिळते आणि उरुशी हा झाडाचा चीक आहे. त्सुइशु प्रकारात लाल उरुशीचे थरावर थर चढवून मग कोरतात. लाकूड आधी कोरून त्यावर उरुशी लावली, तर ते कामाकुराबोरी: तीही खरी कला, पण त्सुइशुच्या भावात घेऊ नये. फरक हिमोतोशीच्या आत किंवा उडालेल्या टवक्यापाशी कळतो, कारण तिथे पातळ थराखालचं लाकूड दिसतं. उरुशीला उन्हाचा आणि आर्द्रतेच्या हेलकाव्यांचा त्रास होतो. कोकणातल्या पावसाळ्यात दिवसा एसी आणि रात्री दमट हवा, अशा खोलीत आतलं लाकूड फुगतं-आकसतं आणि वरचा थर तडकतो. झाकणाच्या लाकडी डबीत, मऊ कापडात ठेवा. सॅनिटायझरने पुसणं तर नकोच.

चिनीमातीचं सर्वात शेवटी. हिरादो आणि क्योतोकडची चांगली कामं मिळतात, पण चकाकी झिजत नाही, त्यामुळे वय ठरवायला हाताशी काहीच नसतं. भोकांच्या कडांवरचे टवके कधीकधी रंगवून झाकलेले असतात. अतिनील टॉर्चखाली दुरुस्ती अनेकदा वेगळी चमकते.

ऑनलाइन घेताना हिमोतोशीचे जवळून काढलेले फोटो, तळाचा फोटो आणि वजन मागा. लाकडी प्राण्यांचे डोळे कशाचे आहेत तेही लेखी विचारा: काळ्या शिंगाच्या बुबुळाभोवती हस्तिदंताचं कडं असेल, तर पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं.