यू-डायसचं काम कुठे करून घ्यावं: कन्ना चौकाजवळच्या एका दुकानाविषयी

यू-डायस म्हणजे शाळेची आणि मुलांची माहिती केंद्र सरकारला द्यायची नोंद, हल्ली ती सरकारी पोर्टलवर भरतात. आधी हे कोणासाठी लिहितेय ते सांगते. ज्यांच्या शाळेतला कॉम्प्युटर तपासणीच्या दिवशीच चालू होतो, ज्यांच्या शाळेत एकच लिपिक आहे आणि ती लिपिक तुम्हीच आहात, त्यांच्यासाठी. लग्नपत्रिका, पॅन कार्ड, रेल्वेचं तिकीट अशा कामांसाठी दुकान शोधत असाल तर पुढे वाचू नका. दुकानाचे मालक अण्णा ती कामं घेत नाहीत.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित शाळेत लिपिक आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच मना केलंय. "बाई, काय लिहायचं ते लिहा, पण नाव नको. सप्टेंबरात आधीच पाय ठेवायला जागा नसते." कन्ना चौकाच्या आसपास कुठल्याही शाळेच्या शिपायाला "यू-डायसवाले अण्णा" विचारलं की तो घेऊन जातो. खाली टॉवेलचं दुकान, बाजूने अरुंद जिना, वर दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक झेरॉक्स मशीन. बस्स, एवढंच.

काम काय असतं ते बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून थोडं मागचं सांगते. पूर्वी यू-डायसचा फॉर्म म्हणजे छापील कागदांचा गठ्ठा होता. पाचवीत मुलं किती, मुली किती, त्यात अनुसूचित जातीच्या किती, शौचालयं किती, वर्गातले काळे फळे किती. आकडे भरायचे, मुख्याध्यापकांची सही-शिक्का, गठ्ठा केंद्रप्रमुखांकडे. तो गठ्ठा वाटेत रिक्षात राहिला असता तरी कुणाच्या पोराचं काही बिघडलं नसतं. 2018-19 पासून यू-डायस प्लस आलं आणि काम ऑनलाइन झालं. खरा बदल मात्र 2022-23 ला झाला. तेव्हापासून आकडा नाही, मूल भरायचं. एकेक मूल. नाव, जन्मतारीख, आईबापाचं नाव, पत्ता, मोबाइल, आधार, जात प्रवर्ग, मातृभाषा, दारिद्र्यरेषेखाली आहे का, दिव्यांग आहे का आणि असेल तर कोणत्या प्रकारचं. उंची, वजन, रक्तगट. नंतर दिल्लीहून जो अहवाल येतो त्यात मात्र पुन्हा आकडेच. 2024-25 चा अहवाल पाहा, देशात 14.71 लाख शाळा आणि 24.69 कोटी विद्यार्थी. त्यात आमच्या सहावीतल्या एकाही मुलीचं नाव नाही, आणि नसावंच. पण तो आकडा तयार होईपर्यंत तिचं नाव, तिच्या बापाचा नंबर आणि तिचा आधार आमच्या हातातून, आमच्या पेनड्राइव्हमधून आणि आम्ही ज्या दुकानात बसतो त्या दुकानाच्या कॉम्प्युटरमधून जातो.

म्हणून अशा दुकानाचं मोल मी एकाच गोष्टीवरून ठरवते. आपण जिना उतरून खाली आलो की वर आपलं काय राहिलं?

यापूर्वी आमची शाळा शहरातल्याच दुसऱ्या एका दुकानात जायची. ते कुठलं ते सांगत नाही. वेग जबरदस्त होता. मुलामागे ठरावीक पैसे द्यायचे, यादी व्हॉट्सअपवर टाकायची आणि घरी जायचं. दोन दिवसांत "झालं मॅडम" असा मेसेज. तिथे काउंटरवर एक जाड वही असायची. डावीकडे शाळांचे अकरा आकडी यू-डायस कोड, सगळे 2730 ने सुरू होणारे, म्हणजे 27 महाराष्ट्र आणि 30 सोलापूर जिल्हा. उजवीकडे पासवर्ड. निळ्या पेनाने, सुवाच्य अक्षरात. एकदा मी माझी फाइल शोधायला डाउनलोडचं फोल्डर उघडलं तर आमची यादी सापडण्याआधी दुसऱ्याच एका शाळेच्या मुलांची आधार कार्डं उघडली, रांगेने, फोटोंसकट. बिघडलेल्या झेरॉक्स एका खोक्यात साठवायचे आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर गिऱ्हाइकाचा हिशेब लिहून द्यायचे. मी एका हिशेबाचा कागद उलटून पाहिला. मागे एका आईचा अंगठा होता.

अण्णांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा याच सवयीने कोड आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पुढे केला. त्यांनी चिठ्ठी हातातच घेतली नाही. "हे मला दाखवू नका की. तुम्हीच टाका. मी तिकडं तोंड करून बसतो." आणि खरंच खिडकीकडे तोंड करून बसले. ओटीपी मुख्याध्यापकांच्या फोनवर येतो. फोन त्यांच्याच खिशात आणि ते शाळेत, म्हणजे दर वेळी त्यांना फोन करून ओटीपी विचारायचा. मला सुरुवातीला हा छळ वाटला. अण्णांचं म्हणणं साधं आहे: ओटीपी माझ्या दुकानातल्या फोनवर येत असेल तर मग शाळा माझीच झाली की.

त्यांचे नियम भिंतीवर लावलेले नाहीत, बसलं की कळतात. व्हॉट्सअपवर आधारचे फोटो पाठवले तर ते उघडत नाहीत, परत पाठवा म्हणत नाहीत, सरळ डिलीट करतात आणि तसं कळवतात. काम आपला पेनड्राइव्ह लावून, त्यावरच सेव्ह करून करायचं. उठताना डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन आपल्यासमोर रिकामं करतात. ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवू का असं विचारलं की "कधीच नाही" हे बटण ते स्वतः दाबून दाखवतात. आणि बिघडलेल्या प्रिंट? त्या आपल्याच पिशवीत. "तुमची रद्दी तुम्ही न्या" हे वाक्य दर वेळी ऐकायला मिळतं. आमच्या शिपाईमामांना आता ते पाठ झालंय.

आता कामाच्या दर्जाबद्दल. पूर्व भागात ज्या शाळा आहेत त्यांना हे दुकान का सोयीचं, ते इथे कळतं. आमच्याकडे निम्म्याहून जास्त मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू. आजोबा यंत्रमागावर, आई विड्या वळते. आडनावं म्याकल, येमुल, गड्डम, चिप्पा. जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीत, म्याकल, आधारवर इंग्रजीत मेकल, रेशनकार्डावर मॅकल, आणि तिन्ही एकाच पोराची. पोर्टलला हे चालत नाही. नाव, जन्मतारीख, लिंग आधारशी जुळलं तरच आधार व्हॅलिड होतो आणि आपल्याकडे संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, आधार व्हॅलिड मुलांचीच संख्या धरली जाते. म्हणजे एका काना-मात्रेपायी शिक्षकाचं पद धोक्यात. संस्थेचे लोक मग म्हणतात, आधारवर आहे तसं टाकून द्या ना. अण्णा स्वतः तेलुगू घरातले असल्याने त्यांना आडनाव ऐकूनच कळतं की मूळ काय आणि इंग्रजी करताना कुठे घसरलं. ते तीन याद्या करायला लावतात: आधारमध्ये चूक, पोर्टलमध्ये चूक, रजिस्टरमध्ये चूक. आधारची चूक पालकांनी केंद्रावर जाऊन दुरुस्त करायची. पोर्टलची आपण इथे करायची. रजिस्टरची मात्र मंजुरीशिवाय खोडायची नाही, मग मागून कुणीही ओरडू दे. हे काम मी शाळेत बसून एकटीने केलं असतं तर दिवाळी उजाडली असती.

मातृभाषेच्या रकान्याबद्दल एक सांगते. त्या दुसऱ्या दुकानात सगळ्या मुलांना मराठी टाकून दिलेलं होतं, कारण तो पर्याय पटकन सापडतो. अण्णांनी ते पाहिलं आणि मला नाही, स्वतःशीच हसले. "आमच्या गल्लीतली सगळी पोरं मराठी झाली की एका क्लिकवर." मग आम्ही बसून बदललं.

रक्तगटाचंही तसंच. आमच्याकडे किती मुलांचा रक्तगट माहीत असतो? कित्येक शाळा सगळ्यांना ओ पॉझिटिव्ह लावतात. पोर्टलवर "तपासणी सुरू आहे, निकाल नंतर भरू" अशा अर्थाचा पर्याय आहे, तो मला अण्णांनी दाखवला. खोटं भरण्यापेक्षा तो बरा. वजनाच्या बाबतीत मात्र त्यांनी मला परत पाठवलं. आख्ख्या चौथीला तीस किलो लिहून नेलं होतं वर्गशिक्षकांनी. "बाई, काटा नाही का शाळेत?" काटा होता. पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा.

अपारचं काम हा वेगळाच विषय. अपार म्हणजे विद्यार्थ्याचा बारा आकडी कायमचा क्रमांक. त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते, आणि संमती म्हटलं की ती न देण्याचीही मोकळीक आली. वरून मात्र रोज टक्केवारी विचारली जाते: तुमच्या शाळेचे किती टक्के झाले? त्या घाईत काही ठिकाणी संमतीचे कागद नंतर भरून घेतले जातात हे सगळ्यांना माहीत आहे. अण्णा आधी कागदांचा गठ्ठा मोजतात, मग बसतात. ज्या मुलाचा कागद नाही त्याचं अपार करत नाहीत. माझी यावरून त्यांच्याशी एकदा वादावादी झाली, कारण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत टक्केवारी द्यायची होती. ते बधले नाहीत. टक्केवारी कमी गेली, गटाच्या ग्रुपवर आमच्या शाळेचं नाव लाल रंगात आलं. पुढच्या आठवड्यात आयांच्या सह्या आल्या, काही तेलुगूत केलेल्या, आणि रंग बदलला.

कायद्याचं विचाराल तर 2023 साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्यात अठराखालचा प्रत्येक जण मूल धरलाय आणि माहिती नीट सांभाळली नाही तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. हा आकडा मी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, आपल्या शाळेची भिंत पाडून विकली तरी लाखभर येतील का? पण गंमत सोडा, त्यानंतर कार्यालयातल्या कपाटाला कुलूप आलं आणि पोरांच्या आधारच्या झेरॉक्स कापडी पिशवीतून लोखंडी कपाटात गेल्या. फाइलला लावायच्या प्रतींसाठी शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालतं, हेही अण्णांनीच सांगितलं. आता नवीन प्रवेशाला आम्ही पडताळणी झाली की तीच प्रत ठेवतो.

आता तक्रारी. त्या आहेत आणि बऱ्याच आहेत.

पहिली, वेग. माणूस एकटा. दोन कॉम्प्युटरपैकी एक म्हातारा. पोर्टल दिवसा रडतखडत चालतं ही त्यांची चूक नाही, पण दुपारी दीड ते चार दुकान बंद ठेवणं ही नक्कीच त्यांची आहे. सोलापूरचा उन्हाळा मलाही कळतो. तरी पोर्टलवर मुलांना पुढच्या वर्गात घालायचं काम तोंडावर असताना अडीच तास कुलूप बघत जिन्यावर बसणं जिवावर येतं. दुसरी, भाव. तासाला ऐंशी रुपये घेतात, आजूबाजूला चाळीस-पन्नासात होतं. मुलामागे ठेका ते घेतच नाहीत, कारण ठेका घेतला की शाळावाले लॉगिन टाकून निघून जातात. तिसरी, स्वभाव. प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की त्यांचा आवाज चढतो. आमच्या नवीन शिक्षिका एकदा रडकुंडीला आल्या होत्या, कारण त्यांनी शाळा सोडून गेलेल्या मुलाला पोर्टलच्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे सोडून गेलेल्यांच्या यादीत, न टाकता तसंच ठेवलं होतं आणि त्याची नवी शाळा त्याला ओढून घेऊ शकत नव्हती. चूक दाखवायला हरकत नाही, पण सगळ्यांसमोर? आणि चौथी, बायकांसाठी म्हणून सांगते: वर स्वच्छतागृह नाही. खालच्या टॉवेलवाल्यांकडे विचारावं लागतं.

त्यांची एक सेवा मात्र फार कमी शाळांना माहीत आहे. ते शाळेत येतात. स्वतःचा लॅपटॉप आणत नाहीत, आपल्याच कॉम्प्युटरवर बसवतात, आपल्याला शिकवतात. अर्ध्या दिवसाचे सातशे रुपये. आमच्या कार्यालयातल्या मशीनला वेगळा पासवर्ड, यादीच्या एक्सेल फाइलला पासवर्ड, बॅकअप एकाच पेनड्राइव्हवर आणि तो मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये, हे सगळं त्यांनी एका दुपारी लावून दिलं. मुलांची माहिती मुळात दुकानात यायलाच नको, असं सांगणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिलेला नाही. त्यामुळे आता मी जिना चढते तो फक्त प्रिंटसाठी आणि नावांचे घोळ सोडवायला.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो दुपारच्या कुलपासाठी आणि त्या शिक्षिकेसाठी.

जायचं असेल तर सकाळी साडेदहाच्या आत जा. 30 सप्टेंबरच्या पटाची धावपळ सुरू झाली की टोकन मिळत नाही आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेच्या दिवसांत ते दुकान उघडतीलच असं नाही. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा, फोन सायलेंटवर ठेवू नका म्हणून. कागद आपला नेला तर प्रिंटमागे एक रुपया कमी घेतात, पण ते स्वतःहून सांगणार नाहीत, विचारावं लागतं.